पोरका शब्द

५ डिसेंबर

चि. धाकट्या भावास,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायचं वळण हाताला लागलेलं आहे, तेव्हा तो लिहिला असं समज.

तुझ्या छापखान्याच्या साप्ताहिकाचा वर्षअखेरचा विशेषांक पोचला. शब्दकोड्याचं पान दुमडलेलं होतं आणि त्याला चिठ्ठी टाचलेली होती. ‘ताई, आईची खोली रिकामी करण्याआधी मला एकदा तिथे बसू दे.’ आईला जाऊन इतके महिने झाले, आणि तुला शब्द सुचले ते एवढेच.

नाही बसू देणार. ती आजारी होती तेव्हा त्या खोलीत बसायला भरपूर जागा होती. खुर्ची होती, स्टूल होतं, पलंगाची कड होती. तेव्हा तू आला नाहीस. आता एक तारखेला सकाळी रंगारी येईल, आणि भिंती वाळल्या की दवाखान्यात नोकरी करणारी एक मुलगी तिथे भाड्याने राहायला येईल. तिला उजेडाची खोली हवी होती. आईचीच खोली तेवढी उजेडाची.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. येऊ नकोस असं मीच म्हणाले होते. तू आईला शुश्रूषागृहात ठेवायची गोष्ट काढलीस, आणि मी म्हणाले की आई माझ्या घरात राहील आणि तू या दारात पाऊल टाकायचं नाही. म्हणाले मी तसं. पण बहीण रागाच्या भरात काहीबाही बोलते, ते भावाने कायद्यासारखं पाळायचं असतं का?

शब्दकोडं मी सोडवणार नाही. तेही सांगून ठेवते.

तू ते ‘खोडरबर’ या नावाने करतोस, याचं मला पहिल्यापासून नवल वाटतं. आईने ठेवलेलं नाव ते, लोकांत मिरवायचं नव्हे. तुला आठवतं का, सुट्टी लागली की आई उरलेल्या परीक्षेच्या पेपरांच्या पाठीवर आपल्यासाठी कोडं आखायची? मुख्याध्यापिका बाई वर्षभर शाळेला धाक दाखवायच्या आणि वर्षअखेरीला दोन पोरांसाठी पट्टी घेऊन जमिनीवर बसायच्या. शब्दांमागे एक विषय लपवलेला असायचा, तो ती कधी सांगायची नाही. आणि मधोमध एक शब्द असायचा ज्याला संकेतच नसे. त्याला आपण पोरका शब्द म्हणायचो. ‘त्याचं कुणी नाही, त्याला तुम्हीच ओळखायचं,’ म्हणायची. मी शाईने लिहायची, कारण आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणत, पेन्सिलीने लिहितो तो आधीच माघार घेतो. तू पेन्सिलीने लिहून खोडत बसायचास, कागदाला भोक पडेपर्यंत. म्हणून मी शाई आणि तू खोडरबर.

एका वर्षी सगळ्या शब्दांत त्या वर्षी घरातून हरवलेल्या वस्तू निघाल्या. छत्री, किल्ली, कात्री. मी खुशीत होते, भराभर भरत होते. पोरका शब्द दोन अक्षरी होता. तो तू ओळखलास. ‘बाबा’ असं लिहिलंस आणि पेन्सिल खाली ठेवलीस. आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा गेल्यावर ती आपल्याशी त्यांच्याविषयी बोलली ती तेवढीच.

असो. अंक परत पाठवणार होते, पण पोस्टात गर्दी आहे. सगळा रस्ता दिव्यांच्या माळांनी भरलाय आणि जो तो कुणाला तरी काहीतरी पाठवतोय. पान उघडं होतं म्हणून नजर गेली. ‘पंडिताला थोडक्यात जेवायची आज्ञा, वारा मिळेल.’ पं. आणि खा, पंखा. ‘उन्हाचा आणि शीतलतेचा पहिला घास, डोकं टेकायला.’ उशी. एवढं नुसत्या नजरेनेच सुटतं, त्याला कोडं सोडवणं म्हणत नाहीत.

ताई


११ डिसेंबर

चि.,

काल गुरुवार. गुरुवारी दुपारी मी मागच्या गल्लीतल्या वाचनालयात जाते. आई होती तेव्हाही जात असे, तेवढीच मला आठवड्यात सुट्टी. निवृत्त पोस्टमास्तर, दाताचे डॉक्टर आणि ग्रंथपाल बाई असं आमचं मंडळ आहे. खिडकीजवळची खुर्ची माझी. तिथून आपल्या घराची मागची बाजू दिसते, कपडे वाळत घालायची दोरी आणि आईच्या खोलीची खिडकी. पुढचं दार दिसत नाही.

टेबलावर तुझं कोडं पसरलेलं होतं. मी काय करणार? उठून जायचं तर कारण सांगावं लागलं असतं. खोडरबर हा माझा भाऊ, हे तिथे कुणाला माहीत नाही, आणि सांगायची मला हौस नाही.

ग्रंथपाल बाईंनी वाचलं, ‘चहाचं घरगुती नाव, पुढे भाव, अंगावर ओढला की झोप. तीन अक्षरं.’

‘घोंगडी,’ पोस्टमास्तर म्हणाले.

‘अहो, घोंगडीत चहा कुठाय?’

‘थंडीत दोन्ही लागतं.’

‘तुम्ही पत्रंसुद्धा अशीच वाटलीत का हो आयुष्यभर? साधारण त्या बाजूला राहतात म्हणून?’

‘चादर,’ मी म्हणाले. चा आणि दर. तोंडातून निघून गेलं.

मग थांबवेना. ‘शाबासकी, मागून इंग्रजी चहा, ताटातली धाकटी.’ वा आणि टी, वाटी. पाटी निघाली, कापूस निघाला, काठी निघाली. डॉक्टरांना एक संकेत फार आवडला. ‘पट्टीचं डोकं उडवून तिथे शिक्षकाचं बसवा, आवाज गेला तर ही हाक मारेल.’ शिक्षकाचा शि घेतला की शिट्टी. एव्हाना विषय लक्षात आलेला होता. आजाऱ्याची खोली.

‘आजाऱ्याच्या खोलीत शिट्टी?’ पोस्टमास्तर म्हणाले. ‘खेळाचा पंच आजारी पडलाय वाटतं.’

सगळे हसले. मीही हसले. म्हणाले, भरतीचा शब्द असेल, जागा भरायला काहीतरी लागतं.

मग डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, ‘कोण आहे हा खोडरबर कोण जाणे, पण यानं कुणाचं तरी उशापायथ्याशी बसून केलंय. पुस्तकं वाचून हे येत नाही.’

‘माझे तर डोळेच भरून आले,’ ग्रंथपाल बाई म्हणाल्या. ‘किती मायेचा माणूस असेल.’

मी पेनाचं टोपण लावलं.

मायेचा माणूस. दर रविवारी मी तुला पत्र लिहीत होते, अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यात आईची वाचा गेली त्यानंतरही. तुला लाज वाटावी म्हणून लिहीत होते, आता कबूल करायला हरकत नाही. पंखा कसा टक टक वाजतो आणि तिला तो बंद केलेला चालत नाही, ते मी लिहिलं. पाठीला दोन उशा कशा लावते, ते लिहिलं. चोचीची वाटी, पाटी, पाठीच्या जखमेचा कापूस, सगळं माझ्या पत्रांतलं. तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. उत्तर द्यायला वेळ नव्हता, पण एकेक वस्तू उचलून चौकटीत बसवायला वेळ होता. जागले मी, आणि कौतुक तुझं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो काय निराळा असतो?

आणि पोरका शब्द. तो तू ठेवलासच. चार अक्षरं, अगदी मधोमध, आणि त्याला छेद देणारे दोनच शब्द. वाटीतला वा तिसऱ्या घरात आणि चादरीतला र चौथ्या. पहिली दोन घरं मोकळी. ‘परिवार,’ पोस्टमास्तर लगेच म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आजाऱ्याच्या भोवती परिवार. किती सुंदर, असं कुणीतरी म्हणालं.

मी घरी येऊन माझ्या अंकात तो शब्द शाईने लिहिला. लिहिताना निब कागदात रुतली. त्या खोलीच्या मधोमध तू परिवार लिहितोस? कोण होतं रे तिथे? मी होते. दिवसाच्या कामाला ठेवलेल्या मावशी होत्या. संध्याकाळी तोंड पुसताना मी आईला म्हणायची, ‘आजही तुझा लाडका आला नाही बघ.’ ती पंख्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, तिचंही मन विटलं.

सिस्टर म्हणायच्या, पत्रात राग असला तरी समास सोडावा. सोडलाय.

ताई


१९ डिसेंबर

चि.,

तुझं कार्ड आलं. इतक्या पत्रांना उत्तर न देणाऱ्या माणसाचं कार्ड, म्हणून मी ते आधी टेबलावर तसंच पडू दिलं. भाजी चिरली, कुकर लावला, मग वाचलं. ‘ताई, पोरका शब्द पुन्हा बघ.’

नाही बघणार. शाईने लिहिलेलं मी पुन्हा बघत नसते, तुला माहीत आहे.

पण एक गोष्ट तुला विचारायची आहे. गेल्या पत्रात मी ती टाळली. शिट्टीविषयी.

शिट्टी भरतीची नाही, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. लोकांबरोबर हसले ते तोंड लपवायला.

वाचा गेल्यावर आई पाटीवर लिहायची, पण पाटी हाक मारत नाही. मी स्वयंपाकघरात असले की ती पलंगाच्या कठड्यावर बोटं आपटायची आणि मला ऐकू जायचं नाही. एकदा मी आत गेले तेव्हा ती ओली झालेली होती आणि रडत होती. आपली आई, जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने सगळी शाळा गप्प व्हायची. दुसऱ्या दिवशी मी खेळाच्या सामानाच्या दुकानातून शिट्टी आणली. निळ्या दोरीची. गळ्यात घालताना तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान वळवली. मग पाटी मागितली आणि लिहिलं, ‘आता मला कवायत घ्यायला लाव.’ आम्ही दोघी हसलो. हसताना तिच्या तोंडाची एकच बाजू हलायची.

हे मी तुला लिहिलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. डॉक्टर यायचे तेव्हा शिट्टी उशीखाली जायची. शेजारणी यायच्या तेव्हाही. आणि शेवटच्या दिवशी, माणसं जमायच्या आत, मी ती तिच्या गळ्यातून काढली आणि रुमालांच्या खणात ठेवली. तू त्या दिवशी फाटकाबाहेर उभा होतास, आत आला नाहीस, तेव्हा तुला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी तुला आत ये म्हटलं नाही हे खरं. पण म्हणायला लागतं का?

मग तुला कसं कळलं? ‘आवाज गेला तर ही हाक मारेल.’ हे अंदाजाने सुचत नाही.

शिट्टी ठाऊक असलेली जिवंत माणसं दोनच, मी आणि मावशी. म्हणजे मावशींनी तुला सांगितलं. कधी, का आणि किती सांगितलं ते मी त्यांनाच विचारणार आहे. मला याचं जास्त लागलंय. मी त्यांना घरातलं माणूस मानलं होतं. गुरुवारी मी वाचनालयात जायची ती त्यांच्या भरवशावर. आमचं ठरलेलं होतं, काही झालं तर मावशी आईची शिट्टी जोरात वाजवतील आणि मी मागच्या गल्लीतून धावत येईन. म्हणून तर खिडकीजवळची खुर्ची. पुस्तक मांडीवर आणि कान घराकडे. पण गुरुवारी कधी शिट्टी वाजली नाही. एरवी पाण्याला, कूस बदलायला, कधी नुसती मी आहे ना हे बघायलाही वाजायची. गुरुवारी नाही. मला वाटायचं, आईला माझी कीव येते, एवढा एक दिवस ती मला सोडते.

आणि मी परत यायची तेव्हा किती नीटनेटकी असायची ती. केस विंचरलेले. नखं कापलेली, तीही अशी की कुठे टोक नाही, कानस फिरवल्यासारखी गोल. मी मावशींना म्हणायची, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे. त्या काही बोलायच्या नाहीत. आता कळतं, त्या किती गोष्टींवर काही बोलत नव्हत्या.

ताई


२६ डिसेंबर

खोडरबर,

चि. लिहिलं नाही. काय लिहावं ते कळत नाही.

मावशी आता दुसरीकडे कामाला आहेत, एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. मी गेले तेव्हा त्या त्यांना खिडकीत बसवून दाढी करत होत्या. मला बघून त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला.

‘ताई, बसा. चहा टाकते.’

‘चहा नको. माझ्या भावाला शिट्टीचं कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही.’

‘मग त्याला कसं कळलं?’

‘ऐकली त्यांनी.’ त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या गालावरचा फेस पुसत होत्या. ‘दादा यायचे तेव्हा आई वाजवायच्या. दारात पाऊल पडलं की एक. जोरात नाही, हलकेच. हजेरी घेतल्यासारखी.’

मी म्हणाले, ‘दादा यायचे म्हणजे कुठे यायचे?’

‘घरी. आपल्या घरी. गुरुवारचे.’

तुझ्या छापखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हे मला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं ठाऊक होतं. पहाटेची बस धरली की दुपारपर्यंत पोचता येतं, हेही. मी गल्लीत वळले की तू पुढच्या दाराने यायचास आणि मी परतायच्या आत जायचास. मी मागच्या खिडकीकडे कान लावून बसलेली, आणि पुढून घर भरलेलं.

‘दर गुरुवारी?’

‘एखादा चुकला असेल. एकदा ताप होता त्यांना, तरी आले होते. मी म्हटलं लांब बसा, तर दारात स्टूल घेऊन बसले.’

‘आणि करायचे काय?’

‘बसायचे. कोडं घालायचे आईंना. आई पाटीवर लिहायच्या, दादा पुसायचे, आई परत लिहायच्या. दादा केस विंचरायचे.’ मग त्यांनी हातातला फडका खाली ठेवला. ‘ताई, ती नखं मी नव्हते कापत. तुम्ही कौतुक करायच्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.’

छापखान्यात बारीक टाइप जुळवणारे हात तुझे. मला कळायला हवं होतं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मावशी म्हणाल्या, दादा सांगणार होते. ते म्हणायचे, ताईच्या पत्रांना उत्तर काय लिहू, आलो नाही असं खोटं माझ्याने कागदावर उतरवत नाही आणि आलो असं लिहिता येत नाही. एका गुरुवारी तू हट्टच धरलास म्हणे, आज ताई येईपर्यंत बसतो, होऊ दे काय व्हायचं ते. तेव्हा आईने पाटी मागितली. मावशी शिकलेल्या आहेत, त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या लक्षात राहिलं.

‘सांगू नका. एकटीने करते आहे, त्याच्याच जोरावर ती उभी आहे.’

मी तिथून घरी कशी आले ते मला नीट सांगता येणार नाही. रस्त्यात कुणीतरी माझ्या हातात रंगीत कागदाची पिपाणी दिली, सुट्टीची मजा म्हणून, ती घरापर्यंत हातात होती.

तुला वाटेल, ताई आता रडली असेल, मऊ पडली असेल. मी रागावले आहे. तुझ्यावर, मावशींवर, आणि सगळ्यांत जास्त तिच्यावर. संध्याकाळी मी म्हणायची, आजही तुझा लाडका आला नाही बघ, आणि ती पंख्याकडे बघायची. गुरुवारीसुद्धा. नखं कापून घेतलेले हात पांघरुणावर ठेवून पंख्याकडे बघायची. एवढी कसलेली मास्तरीण, पण चेहऱ्यावर काही म्हणून उमटू दिलं नाही. मला वाटत होतं, तिला मी सांभाळतेय. म्हणजे त्या घरात आजारी दोघी होत्या आणि ते एकीलाच माहीत होतं.

आणि ती चुकली असं म्हणायची सोय तिने ठेवली नाही. तू येतोस हे मला कळलं असतं तर मी काय केलं असतं? दार उघडलं असतं असं लिहायला मी पेन उचललं होतं. सिस्टरांनी खोटं लिहायला शिकवलं नाही. मी कुलूप बदललं असतं. आणि मग एखाद्या सकाळी उठलेच नसते. तुझ्यावरच्या रागाने मला रोज अंथरुणातून उठवलं आहे. बाकी कशाने नाही. ते आईला दिसलं, आणि तिने तो राग माझ्यासाठी राखून ठेवला, लहानपणी माझ्या वाटणीचं ताटाखाली झाकून ठेवायची तसा.

अंक अजून टेबलावर आहे. मी पोरका शब्द पुन्हा बघितला. वाटीतला वा, चादरीतला र, आणि पहिली दोन घरं, जिथे मी प आणि रि ठासून लिहिले होते. पोस्टमास्तरांनी चटकन म्हटलं आणि आम्ही बाकीच्यांनी माना डोलावल्या. आईने पाहिलं असतं तर कान धरला असता. पोरका शब्द विषयातून ओळखायचा, सवयीने नाही. आजाऱ्याची खोली हा विषयच नव्हता. पंखा, उशी, वाटी, पाटी, शिट्टी, या सगळ्या वस्तू तू माझ्या पत्रांतून घेतल्या नव्हत्यास. हात लावून घेतल्या होत्यास. आठवड्यातल्या एकाच वारी.

शाई खोडता येत नाही. मी वरूनच लिहिलं, गु आणि रु. खालचं परि अजून दिसतं. गिचमिड झाली आहे, पण वाचता येतं.

गुरुवार.

ताई


२८ डिसेंबर

चि. धाकट्या भावास,

हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. खिडकीवरचा माणूस म्हणाला, परवापर्यंत पोचेल.

वाचनालयात मी काही सांगितलेलं नाही. त्यांनी परिवार असं उत्तर तुमच्या साप्ताहिकाकडे पाठवलं आहे. ते चूक आहे हे तू पुढच्या अंकात छापशीलच. छाप. मला बघायचंय पोस्टमास्तरांचं तोंड.

रंगारी एक तारखेलाच येणार आहे. ती मुलगीही येणार आहे. त्यात बदल नाही. मी अजून तुझ्याशी समोरासमोर बोलू शकत नाही. कदाचित पुढेही जमणार नाही. तुझ्या तोंडून ‘ताई’ ऐकलं तर मी काय बोलेन याचा मला भरवसा नाही, आणि मावशींसारखं गप्प राहणं मला येत नाही.

परंतु एकतीस तारखेला गुरुवार आहे. मी दुपारी वाचनालयात जाईन, नेहमीच्या वेळी. किल्ली तुला ठाऊक असेल तिथेच ठेवते, मावशी तुझ्यासाठी ठेवायच्या ती जागा, त्यांनीच मला सांगितली. खोली मी झाडली नाही आणि आवरली नाही. पलंग, स्टूल, पंखा, सगळं तिथेच आहे. पंखा लाव, टक टक करतो अजून. चहा करून पिऊ शकतोस, कप विसळून ठेव.

शिट्टी रुमालांच्या खणातून काढून उशीवर ठेवली आहे. न्यायची असेल तर ने. ती तुला हजेरीसाठी वाजायची, मला कामासाठी. तेव्हा ती तुझीच असं धरून चालते.

मी माझ्या जागेवर, खिडकीजवळ असेन. थंडी आहे म्हणून ग्रंथपाल बाई खिडकी लावून घ्यायला सांगतात. मी त्यांना सांगणार आहे, गुरुवारी नको.

तुझी,
ताई